मेंदूतल्या बारीक नळ्यांची कुळकथा

मेंदूच्या खोल भागात रक्त पोचवणाऱ्या धमन्या अगदी बारीक असतात. वर्षानुवर्षे रक्तदाब चढा राहिला की त्यांच्या भिंती जाड होतात, वाट अरुंद होते आणि पलीकडच्या पेशींची उपासमार होते. यातून येणारा बुद्धीचा ऱ्हास विसरण्यापासूनच सुरू होतो असे नाही. यवतमाळच्या बाजारात कापसाचा भाव आणि ओळखीची माणसे नीट आठवणाऱ्या म्हाताऱ्याला सुट्या पैशांचा हिशेब मात्र जमेनासा होतो. पावले लहान पडतात, पाय घासत जातात. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून घरचे सोडून देतात.

या दुखण्याचा माग प्रथम फ्रान्समध्ये लागला. १८३८ साली देशाम्ब्र यांनी शवविच्छेदनात दिसलेल्या मेंदूतल्या छोट्या पोकळ्यांची नोंद केली. १९०१ मध्ये प्येर मारी यांनी बिसेत्र रुग्णालयातल्या वृद्धांची तुटक चाल आणि या पोकळ्या यांची सांगड घातली. त्याआधी, १८९४ मध्ये, ऑटो बिन्सवांगर यांनी मेंदूच्या पांढऱ्या भागाच्या झिजेचे आठ रुग्ण मांडले होते, पण सूक्ष्मदर्शकाखालचा पुरावा दिला नव्हता. तो पुढे आल्झायमर यांनी दिला आणि आजाराला बिन्सवांगरांचे नाव लावले. आज घरोघरी सगळाच स्मृतिभ्रंश आल्झायमरांच्या नावावर खपतो. रक्तवाहिन्यांचे हे दुखणे वेगळे काढण्यात त्यांचाच हात होता, ही गंमतच.

नंतर विषय मागे पडला. १९६५ च्या सुमारास मिलर फिशर यांनी पोकळ्यांचा संबंध उच्च रक्तदाबाशी पक्का जोडला. सीटी स्कॅन आल्यावर जिवंत माणसाच्या मेंदूतले पांढऱ्या भागातले बदलही दिसू लागले आणि १९८७ मध्ये हाचिन्स्की यांनी त्यांना स्वतंत्र नाव दिले.

मेंदूतले छोटे आघात केवळ रक्तदाबानेच होतात असे नाही: यवतमाळ हा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पट्ट्यातला जिल्हा आहे. त्या आजारात मुलांच्या मेंदूतही लक्षणांशिवाय छोटे आघात होतात, पण त्यामागचे कारण वेगळे; दोन्ही एकाच खात्यात टाकू नयेत.

२०१९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत एका गटाचा वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचे लक्ष्य होते. त्या गटात बुद्धीची सौम्य घट कमी जणांत दिसली; स्मृतिभ्रंशाबाबत मात्र ठाम फरक सिद्ध झाला नाही. गेलेली बुद्धी परत आणणारे औषध अजून नाही. रक्तदाब मोजण्याचा पट्टा मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात असतो. तिशीनंतर तो वर्षातून एकदा तरी दंडाला बांधून घ्यावा.