आधी चढा, मग शिकार

शिकारकथा वाचताना मला नेहमी एक कोडं पडतं. साहेब मचाणावर बसलेलेच भेटतात. पण चढले कसे? जिम कॉर्बेटने १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या टिपला तो आंब्याच्या झाडावरून. खाली आमिषाला बकरी बांधलेली.

अमेरिकेतल्या हरणांच्या शिकाऱ्यांनी मात्र चढण्याचंच शास्त्र केलं. खोडात स्क्रूच्या पायऱ्या पिळल्या. झाडं जखमी होतात म्हणून बऱ्याच सरकारी जंगलांत त्यांवर बंदी आली. तेव्हा पट्ट्याने आवळायच्या हलक्या पायऱ्या कामी आल्या. चढा, उतरताना सोडा, पिशवीत घाला!

झाड वाचलं, पण माणूस? हरणाच्या शिंगांपेक्षा झाडावरून पडूनच तिथे जास्त हाडं मोडतात. म्हणून शहाणा शिकारी पट्ट्याने स्वतःलाही खोडाशी बांधून घेतो. पूर्वी खाली बकरी बांधत. आता वर साहेब!