साबरमतीचा जीर्णोद्धार : सार्वजनिक निधी आणि समभावाचा वारसा

जीर्णोद्धार हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. नवे जिनालय उभारण्यापेक्षा जुन्याचा जीर्णोद्धार करण्याचे पुण्य आठपट असते, असे आपली वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. शेठ कस्तुरभाई लालभाई यांच्या नेतृत्वाखाली आणंदजी कल्याणजी पेढीने राणकपूर व देलवाडा येथील मंदिरांचे जे काम केले, ते आपल्यापैकी अनेकांनी यात्रेच्या निमित्ताने डोळे भरून पाहिले असेल. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मात्र एका निराळ्या जीर्णोद्धाराकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. ही वास्तू मंदिर नाही, धर्मशाळाही नाही. अहमदाबादेत साबरमतीच्या तीरावर उभे असलेले ते गांधीजींच्या आश्रमाचे संग्रहालय होय. सर्व धर्मांविषयी समभाव शिकविणाऱ्या या वास्तूसाठी आणि तिच्या परिसरासाठी सुमारे १,२०० कोटी रुपयांचा सार्वजनिक निधी खर्च करण्याची योजना शासनाने हाती घेतली, आणि त्याबरोबर एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. जी संस्था समभाव शिकविते, तिने कोणाचे धन घ्यावे आणि देणाऱ्याचा तिच्यावर कितपत अधिकार चालावा?

या प्रश्नाचे पहिले उत्तर आश्रमाच्या जन्मवर्षातच मिळाले होते, आणि त्यात एका जैन गृहस्थाचा मोठा वाटा होता.

दि. २५ मे १९१५ रोजी गांधीजींनी अहमदाबादजवळील कोचरब येथे बॅरिस्टर जीवणलाल देसाई यांच्या बंगल्यात आश्रम स्थापन केला. काही महिन्यांतच अमृतलाल ठक्कर, म्हणजे पुढे सर्वांना ठाऊक झालेले ठक्करबाप्पा, यांचे पत्र आले. एक अस्पृश्य कुटुंब आश्रमात राहू इच्छिते, त्यास प्रवेश द्याल काय, अशी त्यात पृच्छा होती. मुंबईस शिक्षक असलेले दूदाभाई, त्यांच्या पत्नी दानीबेन आणि तान्ही लक्ष्मी असे ते कुटुंब. गांधीजींनी त्यांना घेतले. त्याबरोबर शहरातून येणारी मदत थांबली. विहिरीवरच्या पाण्यावरून शिवीगाळ झाली, बहिष्काराची भाषा सुरू झाली. खुद्द आश्रमातही सर्वांची मने एकदम मोकळी झाली नव्हती. पुढच्या महिन्याचा खर्च चालविण्यास पैसे नाहीत, असे मगनलाल गांधी यांनी सांगितले, तेव्हा आपण अस्पृश्यांच्या वस्तीत जाऊन राहू, असे गांधीजींनी उत्तर दिले.

अशा वेळी एके दिवशी आश्रमाच्या दाराशी मोटारीचा भोंगा वाजला. आत बसलेल्या शेठजींची व गांधीजींची पूर्वी एकदाच भेट झालेली होती. आश्रमास काही मदत हवी आहे काय, एवढे विचारून ते गेले. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी ते पुन्हा आले, मोटारीतून न उतरताच १३,००० रुपयांच्या नोटा गांधीजींच्या हाती ठेवल्या आणि निघून गेले. त्या रकमेने आश्रमाची सुमारे वर्षभराची चिंता मिटली. गांधीजींनी आत्मकथेत हा प्रसंग सांगितला, पण दात्याचे नाव लिहिले नाही. ते दाते म्हणजे गिरणीमालक अंबालाल साराभाई, हे अभ्यासकांनी पुढे नोंदविले आहे. आपल्याकडे गुप्तदानाची थोरवी सांगितली जाते. त्याचे याहून शुद्ध उदाहरण क्वचितच सापडेल.

परंतु या दानाची खरी कसोटी अडीच वर्षांनी लागली. फेब्रुवारी १९१८ मध्ये अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा वेतनवाढीचा लढा सुरू झाला. मालकांच्या बाजूने अग्रभागी होते अंबालाल साराभाई. कामगारांच्या बाजूने उभ्या होत्या त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन, आणि त्यांच्यासमवेत गांधीजी. कामगारांची मागणी ३५ टक्के वाढीची होती. धैर्य खचू लागलेल्या कामगारांसाठी गांधीजींनी १५ मार्चला उपोषण आरंभिले. १८ मार्चला समेट झाला, आणि लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी पुढे कामगारांची मागणी मान्य केली. आश्रम ज्यांच्या पैशाने तगला, त्यांच्याच विरुद्ध आश्रमाच्या प्रमुखाने उपोषण केले. दात्याने दिलेल्या दानाचा दाखला देऊन तोंड बंद केले नाही, आणि घेणाऱ्यानेही उपकाराच्या ओझ्याखाली सत्य झाकले नाही. इतके होऊनही दोघांतील स्नेह अखेरपर्यंत टिकला. साबरमतीच्या संग्रहालयाने समभाव म्हणजे काय ते सांगताना हा प्रसंग अवश्य सांगावा, असे आम्हांस वाटते.

आश्रमाच्या जागेचा इतिहासही आपल्या जिव्हाळ्याचा आहे. कोचरबला प्लेगची साथ आली, तेव्हा नवी जागा शोधण्याचे काम पूंजाभाई हिराचंद या अहमदाबादच्या व्यापाऱ्याने अंगावर घेतले. श्रीमद् राजचंद्रांचे ते भक्त होते. साबरमतीच्या तुरुंगाजवळची जमीन त्यांनीच मिळवून दिली, आणि जून १९१७ मध्ये आश्रम तेथे आला. ज्या श्रीमद् राजचंद्रांना, म्हणजे रायचंदभाईंना, गांधीजींनी १८९४ साली दक्षिण आफ्रिकेतून धर्माविषयीचे प्रश्न लिहून पाठविले होते, त्यांच्या विचारांची सावली या भूमीवर पहिल्यापासून होती.

समभाव हा शब्दसुद्धा सहज आलेला नाही, आणि त्याचा संबंध आपल्या महाराष्ट्राशी आहे. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजी दर मंगळवारी आश्रमवासीयांना एकेका व्रताविषयी पत्र लिहीत. सहिष्णुतेच्या व्रतापाशी ते अडखळले. सहिष्णुता या शब्दात दुसऱ्याचा धर्म आपल्याहून उणा मानून तो सहन करण्याचा भाव येतो, असे त्यांस वाटले. तेव्हा त्यांच्यासमवेत तुरुंगात असलेले साताऱ्याचे काकासाहेब कालेलकर यांनाही तो शब्द रुचला नव्हता. त्यांनी सर्वधर्म-आदर हा शब्द सुचविला. त्यातही मोठेपणाने केलेल्या कृपेची छटा येते, असे गांधीजींना वाटले, आणि शेवटी सर्वधर्मसमभाव हा शब्द स्थिर झाला. अनेकान्ताच्या संस्कारात वाढलेल्या वाचकांना या शोधाचे मर्म वेगळे सांगावयास नको. वस्तूला अनेक धर्म असतात आणि आपल्या दृष्टीस त्यांपैकी काहीच दिसतात, हे ज्याने मानले, तो दुसऱ्याला केवळ सहन करीत नाही, त्याच्यापासून शिकतो. गांधीजींनी स्वतः अनेकान्तवादाचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. १२ मार्च १९३० रोजी दांडीयात्रेसाठी गांधीजी येथून निघाले, ते पुन्हा या आश्रमात वास्तव्यास आले नाहीत. १९३३ मध्ये त्यांनी आश्रम विसर्जित केला, आणि त्याची मालमत्ता हरिजन सेवक संघाच्या कार्यासाठी दिली. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली स्मारक जतन करणारा स्वतंत्र न्यास स्थापन झाला. संग्रहालयाची वास्तू तरुण वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी योजिली, आणि १० मे १९६३ रोजी पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. विटांचे खांब, कौलारू छपरे, काचेऐवजी लाकडी झडपा आणि मधोमध पाणी असलेले मोकळे चौक, अशी ही रचना आहे. सहा मीटरचे चौरस एकमेकांस जोडून ती केली असल्याने गरजेप्रमाणे वाढविता येते. आतील गांधीजींची हजारो पत्रे, छायाचित्रे व ग्रंथ हे खरे धन होय. विटा आणि कौले जुनी होतात, लाकूड झिजते, कागद तर हवेनेही जीर्ण होतो. या सर्वांची निगा वर्गणीच्या बळावर किती काळ राखता येईल, हा प्रश्न रास्त आहे.

सार्वजनिक निधी या संस्थेस अगदीच परका नाही. भारत सरकारच्या संस्कृती मंत्रालयाच्या साहाय्याने या न्यासाने गांधी हेरिटेज पोर्टल हा संगणकीय ग्रंथसंग्रह उभारला, आणि २ सप्टेंबर २०१३ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते तो जनतेस खुला झाला. धन शासनाचे, काम न्यासाचे, आणि लाभ जगातील कोणाही जिज्ञासूचा, अशी ती वाटणी होती.

२०२१ मध्ये आलेली योजना याहून कितीतरी मोठी होती. मार्च २०२१ मध्ये गुजरात शासनाने पुनर्विकासासाठी नियामक परिषद व कार्यकारी परिषद नेमली. पाच एकरांचा परिसर ५५ एकरांपर्यंत वाढवावा, विखुरलेली मूळ घरे एकत्र आणावीत आणि ३६ इमारतींचा जीर्णोद्धार करावा, अशी कल्पना होती. १२ मार्च २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिचा आराखडा प्रसिद्ध केला, आणि नूतनीकरण झालेला कोचरब आश्रमही त्याच दिवशी खुला झाला. समर्थकांचे म्हणणे असे की, गांधीजींच्या काळातील आश्रम आजच्या पाच एकरांहून बराच विस्तृत होता. मध्ये रस्ता व वस्ती आली. मूळ स्वरूप परत आणावयाचे तर एवढा निधी शासनाखेरीज कोण देणार?

विरोधही तितकाच प्रामाणिक होता. ऑगस्ट २०२१ मध्ये शंभराहून अधिक विचारवंत व कार्यकर्त्यांनी निवेदन काढून साधेपणा हरपेल आणि न्यासाचे स्वातंत्र्य उरणार नाही, अशी भीती व्यक्त केली. गांधीजींचे पणतू तुषार गांधी न्यायालयात गेले. मुख्य परिसरास हात लावला जाणार नाही, असे शासनाने न्यायालयास सांगितले. गुजरात उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये याचिका निकालात काढली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ती पुन्हा ऐकण्यास सांगितले. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये योजनेस वाट मोकळी करून दिली. आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्याचे नाकारले. दरम्यान, परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या अनेक कुटुंबांना मोबदला अथवा दुसरे घर घेऊन तेथून निघावे लागले. त्यांचे पूर्वज गांधीजींच्या कार्यासाठी तेथे आले होते, हे विसरता येणार नाही.

कायद्याचा प्रश्न न्यायालयाने सोडविला. औचित्याचा प्रश्न मात्र आपल्यासारख्या न्यास चालविणाऱ्यांनी विचारात घ्यावा असा आहे. दक्षिण आफ्रिकेतील अनुभवावरून गांधीजींचे मत बनले होते की, सार्वजनिक संस्थेने कायम निधीच्या व्याजावर जगू नये. लोकांनी दरवर्षी स्वखुशीने दिले तरच संस्था लोकांस उत्तरदायी राहते. ज्या संस्थेस लोकाश्रय उरला नाही, तिला जगण्याचा अधिकारही उरत नाही, असे ते मानीत. ही कसोटी फार कठोर आहे. पन्नास वर्षांत जमविलेल्या कायम निधीचा अभिमान बाळगणाऱ्या कोणत्याही संस्थेस, आपल्यासही, ती टोचल्याखेरीज राहणार नाही.

तथापि, शासनाचा पैसा घेऊच नये, असा याचा अर्थ आम्ही काढीत नाही. शासनाचा पैसा हा शासनाचा नसतो. तो सर्व करदात्यांचा असतो. त्यात सर्व धर्मांचे, सर्व मतांचे आणि त्या योजनेस विरोध करणाऱ्यांचेही द्रव्य असते. म्हणून असा निधी देताना शासन दाता नसते, विश्वस्त असते. आपल्या परंपरेत द्रव्याच्या सात क्षेत्रांचा विचार फार काटेकोरपणे केलेला आहे. देवद्रव्य साधारण खात्यात वळविले तर दोष लागतो, हे आपल्याकडचे लहान मूलही जाणते. ज्या हेतूने द्रव्य आले, त्याच हेतूसाठी ते लागले पाहिजे. समभाव शिकविण्यासाठी दिलेले द्रव्य भव्यतेच्या प्रदर्शनात गेले, किंवा त्या मोबदल्यात काय सांगावे व काय वगळावे हे देणारा ठरवू लागला, तर तो द्रव्याचा अपव्ययच म्हणावा लागेल.

तेव्हा साबरमतीच्या जीर्णोद्धाराची परीक्षा एकरांनी वा कोटींनी होणार नाही. नव्या दालनात दूदाभाईंची कथा पूर्ण सांगितली जाते का? मदत थांबविणाऱ्या शहराचे, आश्रमातल्याही नाखुशीचे, म्हणजे आपल्याच असहिष्णुतेचे चित्र तेथे दिसते का? १९१८ साली दात्याविरुद्ध उभे राहिलेले गांधीजी तेथे भेटतात का? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर निधी कोठून आला याची फारशी चिंता करावयास नको. ती तशी नसतील, तर सर्वांत सुंदर इमारतही रिकामी राहील.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपल्या संस्थेच्या भिंतीवर दात्यांच्या नावांचे फलक लागतील, आणि ते लागावेतही, कारण कृतज्ञता हा आपला धर्म आहे. त्या फलकांसमोर उभे राहताना मोटारीतून न उतरता १३,००० रुपये देऊन गेलेल्या त्या शेठजींचे स्मरण आपणा सर्वांस व्हावे, आणि त्यांनी पुढे आपल्या दानाच्या मोबदल्यात काहीच मागितले नाही हेही ध्यानी राहावे, एवढीच या प्रसंगी नम्र प्रार्थना.