भाड्याचा फ्लॅट घेताना पार्किंग कसे तपासावे?

पुण्या-मुंबईत भाड्याच्या फ्लॅटच्या जाहिरातीत ‘विथ पार्किंग’ हे शब्द हमखास असतात. ती जागा नेमकी कोणाची आणि भाडेकरूला ती वापरता येईल का, हे मात्र सहसा सामान हलवल्यावर कळते. तोवर डिपॉझिट दिलेले असते आणि वॉचमन गाडी गेटबाहेर लावायला सांगत असतो.

पार्किंग घरमालकाच्या मालकीचेच असते, हा समज बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या मुंबईतल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निकाल दिला, की इमारतीखालची स्टिल्टची जागा आणि उघडे पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. त्या सामाईक जागा आहेत. २०१६ च्या रेरा कायद्यातही उघडे पार्किंग सामाईक क्षेत्रातच मोडते. छत आणि तीन बाजूंना भिंती असलेले गॅरेज तेवढे वेगळे. म्हणजे सोसायटी स्थापन झालेल्या इमारतीत जागावाटप सोसायटीच्या हाती असते. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर काही सोसायट्या चिठ्ठ्या टाकून ठरावीक मुदतीसाठी वाटप करतात. अशा ठिकाणी यंदा मिळालेली जागा पुढच्या वर्षी असेलच असे नाही.

म्हणून मालकाच्या किंवा एजंटच्या तोंडी आश्वासनावर न थांबता सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारणे बरे. या फ्लॅटला पार्किंग दिले आहे का, त्याचा क्रमांक काय, भाडेकरूची गाडी चालते का, स्टिकर कोण देते, वेगळे शुल्क किती? मालकाकडे वाटपाचे पत्र असल्यास त्याची प्रत मागावी. मालकाची स्वतःची जुनी गाडी तिथेच धूळ खात उभी नाही ना, हेही पाहावे. असे प्रकार वाटतात त्यापेक्षा बरेच घडतात.

नंतर मोजमाप. मुंबईच्या विकास नियमावलीत लहान गाडीसाठी २.३ × ४.५ मीटर आणि मोठ्या गाडीसाठी २.५ × ५.५ मीटर जागा धरली जाते. इनोव्हा क्रिस्टा सुमारे ४.७ मीटर लांब आहे. लहान जागेत ती बसत नाही. खांबाशेजारच्या जागेत गाडी बसली तरी दार उघडेल याची खात्री नसते. यांत्रिक पार्किंगमध्ये उंची आणि वजन या दोन्हींना मर्यादा असते, त्यामुळे एसयूव्ही असलेल्यांनी तिथला फलक वाचावा. वीज गेल्यावर गाडी खाली कशी येते, तेही विचारावे. शक्य असल्यास रात्री दहानंतर स्वतःची गाडी नेऊन लावून पाहावी. दुपारी सगळीच पार्किंग रिकामी दिसतात.

विद्युत गाडी असेल तर चार्जिंग पॉइंटसाठी मालक आणि सोसायटी दोघांशी आधीच बोलून घ्यावे लागते.

सगळे जुळले की पार्किंगचा क्रमांक, उघडे की छताखालचे, किती गाड्या आणि शुल्क कोणी भरायचे, हे लिव्ह अँड लायसन्स करारात लिहून घ्यावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. अर्थात, मालकाने करारात लिहून दिले म्हणून सोसायटीने न दिलेली जागा मिळत नाही. पार्किंग काढून घेतले गेल्यास भाडे किती कमी होईल, ही ओळही त्यामुळे करारात असावी.