पगारपत्रक नसलेली रंगभूमी

संगीत नाटकाचा इतिहास आपण बहुधा धंदेवाईक मंडळ्यांच्या वैभवावरून लिहितो. ते वैभव फार खर्चिक होते: नटांचे पगार, बिऱ्हाड, पंगती, पडदे, रेल्वेभाडे. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला आणि प्रेक्षक तिकडे वळू लागला. उत्पन्न आटले, खर्च तसाच राहिला. एकेक मंडळी मोडत गेली.

पुण्यात १८९४ साली ‘स्टुडंट्स सोशल क्लब’ म्हणून सुरू झालेली हौशी संस्था मात्र टिकली. तीच आजचे ‘भरत नाट्य संशोधन मंदिर’. हौशी संस्थेचे नट पोटासाठी नोकरी करतात आणि संध्याकाळी तालमीला येतात. मंडळी बुडवणारा पगाराचा बोजा तिच्यावर नसतो. १८८२ चे ‘सौभद्र’ बोलपटानंतरही रंगमंचावर राहिले, त्यात अशा संस्थांचा वाटा मोठा आहे.

या टिकण्याची किंमतही मोजावी लागली. नाटक वाचले, पण मुक्कामामागून मुक्काम गाऊन गळा तयार करणारा नट मंडळ्यांबरोबरच गेला. महिन्यातून एखाद्या प्रयोगाने ती तयारी होत नाही. तेव्हा पदांच्या चाली सांभाळण्याचा भार ऑर्गन आणि तबल्याच्या साथीदारांवरही आला. हौशी संस्थांच्या इतिहासात नटांइतकीच त्यांचीही नोंद व्हायला हवी.