न्यायमूर्ती गजेंद्रगडकर आणि मंदिरप्रवेशाचा निवाडा

निजामी अमदानीत आपल्या हैदराबादेतील मराठी वकिलांनाही अदालतीत उर्दूतूनच बाजू मांडावी लागे, आणि दाद मागण्याची शेवटची पायरी संस्थानातच असे. २६ जानेवारी १९५० पासून इथल्या पक्षकाराला दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाचे दार खुले झाले. त्या न्यायालयाचे सातवे सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर हे संस्कृत पंडितांच्या घराण्यातले. जन्म साताऱ्याचा, १६ मार्च १९०१ चा. उच्च शिक्षण धारवाड व पुणे येथे. नंदपंडिताच्या ‘दत्तकमीमांसा’ या धर्मशास्त्रग्रंथाचे त्यांनी साक्षेपाने संपादन केले होते. १९४५ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, १९५७ च्या जानेवारीत दिल्लीस गेले आणि १ फेब्रुवारी १९६४ रोजी सरन्यायाधीश झाले. औद्योगिक कलहांवरील त्यांचे निवाडे कामगारविश्वात विशेष गाजले. पण माझ्यासारख्या भाषेच्या अभ्यासकाला मोह पडतो तो एका वेगळ्याच खटल्याचा.

अहमदाबादच्या स्वामिनारायण मंदिरात दलितांना प्रवेश मिळू नये म्हणून संप्रदायाच्या अनुयायांनी १९४८ मध्ये दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की, आमचा पंथ हिंदू धर्माहून निराळा. सबब हिंदूंच्या मंदिरांसाठी केलेला प्रवेशाचा कायदा आम्हांस लागू नाही. प्रतिवादी होते मूलदास वैश्य. अठरा वर्षांनी, १४ जानेवारी १९६६ रोजी, गजेंद्रगडकरांनी हा युक्तिवाद फेटाळला. हिंदू कोणास म्हणावे हे ठरविताना त्यांनी आधार घेतला तो लोकमान्य टिळकांच्या व्याख्येचा : वेदांविषयी आदर, मोक्षसाधनांची विविधता आणि उपास्य दैवतांची अनेकता. ज्या विद्येच्या बळावर शतकानुशतके दार बंद राहिले, त्याच विद्येच्या वारसाने ते उघडावे, ही घटना मला फार मोलाची वाटते.

तथापि एक शंका उरते. दावा अंधश्रद्धा, अज्ञान आणि स्वामिनारायणांच्या खऱ्या शिकवणीविषयीचा गैरसमज यांतून उपजला आहे, असेही निकालपत्रात म्हटले आहे. कोणत्या पंथाच्या गुरूने नेमके काय शिकविले हे न्यायासनाने त्याच्या अनुयायांना सांगावे काय? पंथ हिंदू की निराळा, एवढे ठरविणे कायद्याच्या शब्दांमुळे भाग होते. त्यापुढचे पाऊल मात्र न्यायाधीशाचे नसून घरातल्या पंडिताचे वाटते. पुढे असेच प्रश्न पुनःपुन्हा न्यायालयांपुढे आले आणि प्रत्येक न्यायाधीशाजवळ ही व्युत्पन्नता असेल, याची हमी कोण देणार?

या निकालानंतर दोनच महिन्यांनी, १५ मार्च १९६६ रोजी, ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरुपदी आले.