ऐंशी हजार माणसं कशासाठी आली होती? अमेरिकेतल्या मैदानी स्पर्धा आणि त्यांचा प्रेक्षक

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न होता. ऑलिंपिकमध्ये धावण्या-उड्या मारण्याची इतकी पदकं अमेरिका नेते, मग खुद्द तिथे एरवी या स्पर्धांना कुणी का विचारत नाही? प्रश्न रास्त आहे. फक्त तो आजचा आहे. साठ वर्षांपूर्वी तो कुणी विचारला नसता.

तेव्हा आपण थेट २१ जुलै १९६२ला जाऊ. कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये. अमेरिका विरुद्ध सोव्हिएत संघ, दोनच देश, दोन दिवस. पहिल्या दिवशी प्रेक्षक आले सुमारे ७२,५००, दुसऱ्या दिवशी ८१,०००. ऑलिंपिक नाही, जागतिक अजिंक्यपद नाही. आज ओरेगनमधलं यूजीन हे गाव स्वतःला 'ट्रॅकटाउन' म्हणवतं; तिथल्या नव्या हेवर्ड फील्डवर कायमच्या खुर्च्या आहेत सुमारे १२,६५०. म्हणजे बघा.

दुसऱ्या दिवशी सोव्हिएत संघाच्या व्हालेरी ब्रुमेलने २.२६ मीटर उंच उडी मारली, नवा विश्वविक्रम. आणि त्या अमेरिकन गर्दीने उभं राहून त्याला दाद दिली. शेवटी दोन्ही देशांचे खेळाडू हातात हात घालून मैदानाला फेरी मारायला निघाले. पुढे तीन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून हेच दोन देश अणुयुद्धाच्या काठावर उभे होते.

ही गर्दी विक्रम बघायला आली होती का? आम्हाला तसं वाटत नाही. विक्रम होणार हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. लोक आले होते गुण मोजायला. या मालिकेची पहिली लढत १९५८ साली मॉस्कोत झाली. पुरुषांत अमेरिका १२६–१०९ अशी जिंकली, स्त्रियांत सोव्हिएत संघ ६३–४४ असा. आता जिंकलं कोण? सोव्हिएत बाजू दोन्ही बेरजा एकत्र करून म्हणे, १७२–१७०, आम्ही जिंकलो. अमेरिकन वर्तमानपत्रं म्हणत, छे, पुरुषांचा सामना वेगळा, बायकांचा वेगळा! यातून एक चांगली गोष्ट झाली. बायकांच्या गुणांकडे अमेरिकेला दुर्लक्ष करणं परवडेना. विल्मा रुडॉल्फ स्टॅनफर्डला धावली, १०० मीटर जिंकली, तेव्हा ती भरल्या स्टेडियमसमोर.

टीव्हीचंही तसंच. २९ एप्रिल १९६१ला एबीसी वाहिनीने 'वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स' हा कार्यक्रम सुरू केला. पहिल्याच भागात काय दाखवलं? पेन रिलेज आणि ड्रेक रिलेज, म्हणजे कॉलेजांच्या मैदानी स्पर्धा. आज कुठली वाहिनी हे धाडस करेल?

हिवाळ्यात हा सगळा खेळ छपराखाली जायचा. न्यूयॉर्कची मिलरोज स्पर्धा १९०८ साली वानामेकर या बड्या दुकानातल्या कर्मचाऱ्यांच्या क्लबने सुरू केली आणि १९१४पासून जवळजवळ शंभर वर्षं ती मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होत राहिली. लाकडी फळ्यांचा ट्रॅक, एका मैलाला अकरा फेऱ्या, प्रेक्षक अगदी कडेला. २०१२मध्ये ती शहराच्या उत्तरेकडच्या भागातल्या 'आर्मरी'त गेली. ट्रॅक उत्तम, जागा लहान.

पण या झगमगाटाला दुसरी बाजू होती, आणि तिथे थोडं थांबायला हवं. न्यूयॉर्क अ‍ॅथलेटिक क्लब हा अशाच इनडोअर स्पर्धा भरवणारा जुना, श्रीमंत क्लब. फेब्रुवारी १९६८मध्ये त्याची शंभराव्या वर्षाची स्पर्धा नव्या बांधलेल्या गार्डनमध्ये होती. या क्लबच्या ट्रॅकवर कृष्णवर्णीय खेळाडू धावायचे, तिकिटं त्यांच्या नावावर खपायची, पण सभासद म्हणून त्यांना प्रवेश नव्हता. समाजशास्त्रज्ञ हॅरी एडवर्ड्‌स यांनी बहिष्काराची हाक दिली. बहुतेक कृष्णवर्णीय खेळाडू आले नाहीत, सोव्हिएत खेळाडूही आले नाहीत, बाहेर रस्त्यावर निदर्शनं झाली. त्याच ऑक्टोबरात मेक्सिकोत टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी उंचावलेल्या मुठी जगाने पाहिल्या. पण त्याची पहिली कसोटी एका तिकीट लावून भरलेल्या स्पर्धेच्या दारात झाली होती. ज्या स्पर्धेकडे कुणी बघत नाही, तिच्यावर कोण कशाला बहिष्कार टाकेल?

पैशाचं दुखणंही जुनंच. कॅन्ससचा मैलधावक वेस सँटी याने नियमापेक्षा जास्त खर्च घेतला म्हणून १९५६ला त्याच्यावर कायमची बंदी आली. गल्ला भरणाऱ्या स्पर्धांमधून धावणाऱ्याला भत्ता मोजून! १९७३मध्ये जिम रायनसारख्या नावांना घेऊन व्यावसायिक स्पर्धांचा फिरता संच निघाला, १९७६पर्यंत तो गुंडाळला गेला. २०२५मध्ये मायकेल जॉन्सनने मोठ्या बक्षिसांची 'ग्रँड स्लॅम ट्रॅक' काढली. चारपैकी शेवटची, लॉस एंजेलिसची स्पर्धा रद्द झाली, खेळाडूंचे पैसे थकले. पन्नास वर्षांच्या अंतराने तीच गत. दोन्ही वेळा नामवंत खेळाडू होते. पण प्रेक्षकाने 'आपला' म्हणावा असा संघ नव्हता. हे एकमेव कारण आहे असं आम्ही म्हणणार नाही, पण मोठं नक्कीच आहे.

आपल्यालाच आठवून बघा. जुलै २०२२ला यूजीनमध्ये जागतिक स्पर्धा झाली, अमेरिकेत पहिल्यांदाच. तिथल्या संध्याकाळी, म्हणजे आपल्या सकाळी, तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत. आपल्याकडे चहाचा कप घेऊन लोक त्यासाठी मोबाइलसमोर बसले, ते बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेसाठी. तो अकरावा आला. पहिला कोण आला हे कितीजणांना आठवतंय?

अमेरिकेतही जिथे असं कुणी 'आपलं' असतं, तिथे गर्दी टिकली. फिलाडेल्फियातल्या पेन रिलेज १८९५पासून चालू आहेत. १९६४पासून जमैकाच्या शाळांचे संघ तिथे येतात आणि त्यांच्यामागे अमेरिकेत स्थायिक झालेले जमैकन येतात. हिरवे-पिवळे झेंडे, शाळेच्या नावाने आरडाओरडा. २०१०मध्ये उसेन बोल्ट धावायला आला तेव्हा शनिवारी एका दिवसात ५४ हजारांवर माणसं होती. बोल्ट काही सेकंदांतच धावून मोकळा झाला. बाकीचा दिवस मग शाळेच्या पोरांच्या रिले चालू होत्या.