समुद्रावरील रविवार

भूमीवर राहणाऱ्या ख्रिस्ती माणसास रविवारची ओळख देवळाची घंटा करून देते. घंटा वाजली कीं तो घराबाहेर पडतो, वाटेंत शेजारी भेटतात, आणि वेदीपाशीं धर्मगुरु त्याची वाट पाहात असतात. हें सारें इतकें अंगवळणीं पडलेलें असतें कीं त्यांत कांहीं विशेष आहे असें त्यास वाटतहि नाहीं. परंतु जो मनुष्य समुद्रावर आहे, ज्याच्या सभोंवतीं पाण्यावांचून दुसरें कांहीं नाहीं, त्याचा रविवार कोणीं पाळावयाचा? त्यास घंटा नाहीं, देऊळ नाहीं, आणि पुष्कळदां धर्मगुरुहि नाहींत. आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या या पुस्तिकेंत देवळाचा व त्याच्या सेवकांचा वृत्तांत येणें उचितच आहे. आम्हीं मात्र येथें ज्यांच्यापाशीं यांपैकीं कांहींच नव्हतें, अशा लोकांच्या उपासनेची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. आपल्या समाजांतील अनेक तरुण आज दर्यावर नोकरी करतात, आणि वडीलधारी मंडळीहि आतां जलप्रवासास निघूं लागली आहेत. तेव्हां ही हकीकत केवळ परक्यांची नव्हे, हें वाचकांच्या ध्यानांत येईलच.

सन १४९२ च्या ऑगस्टच्या ३ तारखेस क्रिस्टोफर कोलंबस हा स्पेनमधील पालोस बंदरांतून तीन जहाजें घेऊन पश्चिमेकडे निघाला. तिन्ही जहाजांवर मिळून सुमारें नव्वद माणसें होतीं. पण त्यांत धर्मगुरु एकहि नव्हता. तथापि तीं जहाजें प्रार्थनेवांचून चाललीं नव्हतीं. त्या काळीं जहाजावरील वेळ वाळूच्या घड्याळानें मोजीत. दर अर्ध्या तासानें तें घड्याळ उलटें करण्याचें काम पोरसवदा नोकरांकडे असे, आणि घड्याळ उलटतांना त्यांनीं देवाच्या नांवाचें एखादें पद मोठ्यानें म्हणावें, अशी स्पॅनिश दर्यावर्दी लोकांची रीत होती. सायंकाळीं सर्व मंडळी डेकवर जमून 'हे आमच्या बापा', 'नमो मरिया' व विश्वासांगीकार म्हणत, आणि शेवटीं पवित्र मातेचें 'साल्वे रेजिना' हें गीत गात. ११ ऑक्टोबर १४९२ च्या सायंकाळीं खलाशांनीं आपापल्या परीनें हें गीत म्हटल्याची नोंद कोलंबसाच्या रोजनिशींत आहे. बार्तोलोमे दे लास कासास यांनीं केलेल्या उताऱ्यांच्या रूपानें ती रोजनिशी आज आपणांस उपलब्ध आहे. त्याच रात्रीं, मध्यरात्र उलटल्यावर, जमीन दिसली. नव्या जगाच्या किनाऱ्यास लागण्यापूर्वींची ती शेवटची उपासना कोणा आचार्यानें नव्हे, तर अडाणी खलाशांनीं व पोरांनीं चालविली होती.

येथें कोणी म्हणेल कीं, धर्मगुरु नव्हते म्हणून असें झालें. ते असते तर मिस्साबलिदान झालें असतें. पण इतिहास तसें सांगत नाहीं. धर्मगुरु जहाजावर असले तरीहि पुष्कळ शतकें समुद्रावर मिस्सा क्वचितच होत असे. जहाज हेलकावे खातें, लाटेचा एक तडाखा बसला तर प्रभूचें पवित्र रक्त सांडेल, ही भीति त्यामागें होती. म्हणून 'सुकी मिस्सा' या नांवाची एक चाल निघाली. तींत धर्मगुरु मिस्सेंतील प्रार्थना व शास्त्रपाठ वाचीत. परंतु अर्पण, पवित्रीकरण व कम्युनियन हीं तींत नसत. फ्रान्सचा राजा संत लुई हा १२५४ सालीं पवित्र भूमीहून स्वदेशीं परतत असतां त्याच्या जहाजावर अशाच रीतीनें उपासना होत असे. पुढें लिस्बनहून गोव्यास येणाऱ्या पोर्तुगीज जहाजांवरहि हीच चाल होती. तो प्रवास सुरळीत झाला तरी सुमारें सहा महिन्यांचा असे. म्हणजे निदान पंचवीस रविवार पाण्यावर काढावे लागत. कालांतरानें सुकी मिस्सा मागें पडली. पण सायंकाळची लितानी व शनिवारचें 'साल्वे' हीं सर्वांच्या तोंडीं असल्यामुळें टिकून राहिलीं.

संत फ्रान्सिस झेवियर यांचा प्रवास तर आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. ते ७ एप्रिल १५४१ रोजीं लिस्बनहून निघाले, मोझांबिक येथें त्यांस कित्येक महिने थांबावें लागलें, आणि ६ मे १५४२ रोजीं ते गोव्यास पोंचले. तेरा महिन्यांच्या या प्रवासांत त्यांनीं काय केलें? आजाऱ्यांची शुश्रूषा केली, खलाशांस व सैनिकांस धर्मशिक्षण दिलें, आणि प्रार्थना शिकविल्या. गोव्यास उतरल्यावर ते रस्त्यांतून घंटा वाजवीत मुलांस जमवीत व त्यांजकडून त्याच प्रार्थना पाठ करून घेत. धर्मगुरु आज आहेत, उद्यां नसतील. पण मुखोद्गत झालेली प्रार्थना माणसाबरोबर राहते, हें त्यांनीं चांगलें ओळखलें होतें.

समुद्रावरील मिस्सेविषयींची ही सावधगिरी ख्रिस्तसभेच्या कायद्यांतहि दीर्घकाळ होती. सन १९१७ च्या धर्मविधिसंहितेच्या ८२२ व्या कलमानें, ज्यास प्रवासी वेदी बाळगण्याचा अधिकार मिळाला असेल त्या धर्मगुरूस कोठेंहि योग्य स्थळीं मिस्सा करण्याची मोकळीक दिली; परंतु त्याच वाक्याच्या अखेरीस 'समुद्रावर मात्र नव्हे' अशा अर्थाचे शब्द घातले. समुद्रावर मिस्सा करावयाची तर वेगळी परवानगी लागे. सन १९८३ च्या संहितेंत हा निर्बंध राहिला नाहीं.

इंग्रजी जहाजांवरील रीत निराळी होती. सन १६६२ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकांत समुद्रावर म्हणावयाच्या प्रार्थनांचें एक स्वतंत्र प्रकरणच आहे. व्यापारी व उतारूंच्या आगबोटींवर रविवारीं सकाळीं स्वतः कप्तानानें प्रार्थना वाचावी, असा परिपाठ पडला होता. परपंथीयांच्या उपासनेंत कॅथॉलिकांनीं भाग घेऊं नये असा त्या काळीं आपला दंडक असल्यामुळें कॅथॉलिक उतारूंस आपली सोय आपणच पाहावी लागे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें २१ नोव्हेंबर १९६४ च्या आपल्या आदेशांत योग्य प्रसंगीं इतर ख्रिस्ती बांधवांसमवेत प्रार्थना करण्यास उत्तेजन दिलें, तेव्हां ही अडचण पुष्कळ अंशीं दूर झाली.

समुद्रावरील एका रविवाराची हकीकत साऱ्या जगास ठाऊक आहे, ती टायटॅनिकची. १४ एप्रिल १९१२ हा ईस्टरनंतरचा पहिला रविवार होता. त्या दिवशीं सकाळीं पहिल्या वर्गाच्या दालनांत कप्तान स्मिथ यांनीं उपासना चालविली. फादर थॉमस बाइल्स हे आपल्या भावाच्या लग्नासाठीं न्यूयॉर्कला निघालेले एक साधे उतारू होते. त्यांनीं दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांतील कॅथॉलिकांसाठीं मिस्सा केली. सायंकाळीं अर्नेस्ट कार्टर नांवाच्या अँग्लिकन धर्मोपदेशकानें, तेहि उतारूच, पर्सरची अनुमति घेऊन दुसऱ्या वर्गाच्या भोजनगृहांत गीतोपासना योजिली. सुमारें शंभर माणसें जमलीं. कोणतें गीत गावयाचें तें उतारूंनीं सांगावें, एकानें पियानो वाजवावा व सर्वांनीं गावें, असा तो साधा कार्यक्रम होता. रात्रीं दहाच्या सुमारास मंडळी पांगली. अकरा वाजून चाळीस मिनिटांनीं जहाज हिमनगावर आदळलें.

त्यानंतर फादर बाइल्स यांनीं होडींत बसण्याचें नाकारलें, असें वांचलेल्या उतारूंनीं सांगितलें आहे. ते पापनिवेदनें ऐकत होते व लोकांस धीर देत होते. शेवटीं जहाजाच्या मागील भागांत जमलेल्या लोकांबरोबर त्यांनीं जपमाळ सुरू केली, आणि भिन्न पंथांच्या लोकांनीं तिला प्रतिसाद दिला. दोन वाजून वीस मिनिटांनीं जहाज बुडालें. सुमारें पंधराशें माणसें मृत्यु पावलीं. फादर बाइल्स आणि कार्टर पतिपत्नी त्यांत होतीं. फादरांच्या शब्दास जो प्रतिसाद मिळाला, तो देणाऱ्यांस जपमाळ जहाजावर कोणीं शिकविली नव्हती. ती ते आपापल्या घरांतून व गांवांतून घेऊन आले होते, म्हणूनच त्या काळोखांत ती त्यांच्या ओठांवर आली.

दर्यावर्दी लोकांच्या आध्यात्मिक सेवेसाठीं आज जगभर कार्य करणारी 'स्टेला मारिस' ही संस्था ४ ऑक्टोबर १९२० रोजीं स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरीं स्थापन झाली. पीटर अॅन्सन व आर्थर गॅनन हे प्रापंचिक गृहस्थ आणि डॅनियल शील्ड्स हे येशूसंघाचे ब्रदर, असे तिचे तीन प्रवर्तक होते. तिघांपैकीं एकहि धर्मगुरु नव्हता, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. सन १९२२ मध्यें पोप अकरावे पायस यांनीं या कार्यास मान्यता दिली. सन १९९७ मध्यें पोप दुसरे जॉन पॉल यांनीं 'स्टेला मारिस' याच नांवाच्या पत्रानें त्यास नवे नियम घालून दिले. जुलै महिन्याचा दुसरा रविवार 'सागर रविवार' म्हणून पाळला जातो, तो या दर्यावर्दी बंधूंच्या स्मरणार्थच होय.

आतां प्रश्न असा कीं, धर्मगुरु नसतां उतारूंनीं जमून केलेल्या उपासनेस ख्रिस्तसभा काय मोल देते? १९८३ च्या संहितेच्या १२४८ व्या कलमांत सांगितलें आहे कीं, धर्मगुरूच्या अभावीं किंवा अन्य गंभीर कारणानें मिस्सेस हजर राहणें अशक्य झालें, तर भाविकांनीं शब्दविधींत भाग घ्यावा, अथवा एकट्यानें, कुटुंबासह किंवा अनेक कुटुंबांनीं मिळून प्रार्थनेंत वेळ घालवावा. २ जून १९८८ रोजीं रोमहून धर्मगुरूविना होणाऱ्या रविवारच्या उपासनेविषयीं स्वतंत्र मार्गदर्शन प्रसिद्ध झालें. त्यांत दोन गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. अशी उपासना म्हणजे मिस्सा नव्हे, आणि तशी समजूतहि कोणाची होऊं देऊं नये. म्हणून चालकानें मिस्सेंतील कृतज्ञतास्तुतीची प्रार्थना म्हणूं नये, धर्मगुरूच्या आसनावर बसूं नये, आणि आशीर्वादाच्या वेळीं 'तुम्हांस' न म्हणतां 'आम्हांस' म्हणावें, कारण तो समानांमधील एक असतो. तथापि देवाचें वचन जेथें वाचलें जातें व त्याच्या नांवानें माणसें जेथें एकत्र होतात, तेथें प्रभु उपस्थित असतो. मिस्सेची उणीव अशी उपासना भरून काढीत नाहीं. ती उणीव विसरूं मात्र देत नाहीं, आणि मिस्सेची भूक मनांत जागी ठेवते. आमच्या मतें हेंच तिचें खरें कार्य आहे.

ज्यांस आज क्रूझ म्हणतात त्या सहलीच्या प्रचंड जहाजांपैकीं कांहींवर धर्मगुरु असतात, पुष्कळांवर नसतात. नसल्यास उतारूंपैकीं कोणीतरी पुढें व्हावें लागतें. त्याची रीत अवघड नाहीं. प्रथम जहाजाच्या कचेरींत जाऊन धर्मगुरु आहेत काय याची चौकशी करावी. नसल्यास रविवारसाठीं एखादी शांत जागा व वेळ मागून घ्यावी, आणि ती सूचना दैनिक कार्यक्रमपत्रिकेंत घालण्याची विनंति करावी. जहाज बंदरास लागण्याची वेळ टाळावी. तसेंच रेखावृत्तें ओलांडतांना घड्याळें पुढेंमागें होतात, याचेंहि भान ठेवावें. जहाजावर उघडी ज्योत वर्ज्य असते, म्हणून मेणबत्त्यांचा हट्ट धरूं नये. एक क्रूस व एक बायबल पुरेसें आहे. त्या रविवारचे पाठ निरनिराळ्या व्यक्तींनीं वाचावे, स्तोत्र आळीपाळीनें म्हणावें, थोडा वेळ स्तब्ध राहावें, मग सर्वांसाठीं विनवण्या, 'हे आमच्या बापा' व आध्यात्मिक कम्युनियनची प्रार्थना म्हणावी. लांबलचक भाषण करण्याचा मोह आवरावा. इतर पंथांचे बांधव आल्यास सर्वांस परिचित असलेलींच गीतें निवडावीं. आणि जे कर्मचारी रात्रंदिवस उतारूंच्या सेवेंत राबत असतात, त्यांचें स्मरण विनवण्यांत अवश्य करावें; कारण त्यांपैकीं पुष्कळांस त्या घटकेसहि काम सोडून येतां येत नाहीं.

या कर्मचाऱ्यांत आपलीं माणसें पूर्वींपासून आहेत. एकोणिसाव्या शतकापासून गोंव्याचे दर्यावर्दी मुंबईस धोबीतलाव, माझगांव वगैरे भागांत आपापल्या गांवाचे 'कूड' काढून राहात. जहाजावर काम मिळेपर्यंत तेंच त्यांचें घर असे. प्रत्येक कुडांत वेदी असे, आणि रोज सायंकाळीं तिच्यापुढें सर्वांनीं जपमाळ म्हणावी, असा नियम असे. धर्मगुरु रोज येत नसत. माणसें स्वतःच म्हणत. कुडांत लागलेला हा पाठ पुढें आगबोटीच्या तळच्या खोलींतहि त्यांस सोडीत नसे.

आणि आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांस आपण कसें विसरावें? ते लहान वयांतच वसई सोडून समुद्रमार्गानें जपानास गेले, पुढें व्यापारी झाले, आणि शेवटीं मनिला येथें संत फ्रान्सिसच्या संघांत धर्मगुरु म्हणून नव्हे, तर ब्रदर म्हणून दाखल झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह त्यांस क्रूसावर मरण आलें, आणि ८ जून १८६२ रोजीं त्यांची संतांत गणना झाली. त्यांच्यामागें जपानांत जो छळ झाला, त्यांत धर्मगुरु नाहींसे झाले. तरी तेथील भाविकांनीं दोन शतकांहून अधिक काळ गुप्तपणें बाप्तिस्मा व प्रार्थना चालू ठेविल्या. १७ मार्च १८६५ रोजीं त्यांपैकीं कांहीं जण नागासाकीच्या ओउरा येथील नव्या देवळांत येऊन धर्मगुरूंपुढें प्रकट झाले. तें देऊळ त्याच सव्वीस हुतात्म्यांच्या नांवें अर्पिलेलें होतें. वसईच्या सुपुत्राच्या नांवाच्या छत्राखालीं धर्मगुरूविना जगलेली ख्रिस्तसभा पुन्हां वेदीपाशीं आली.

वाचकहो, देऊळ बांधणें हें मोठें पुण्यकृत्य आहे, आणि आपल्या पूर्वजांनीं तें केलें म्हणूनच आज ही ज्युबिली आपण साजरी करीत आहों. परंतु आपलीं मुलें जेव्हां या देवळापासून हजारों मैल दूर जातील, तेव्हां त्यांच्याबरोबर काय जाईल? त्यांस जपमाळ न अडखळतां म्हणतां येते काय? चार अनोळखी माणसांपुढें उभें राहून शुभवर्तमान वाचण्याचें धैर्य त्यांच्या अंगीं आहे काय? घरोघरच्या सायंप्रार्थना आज मंदावत आहेत, हें कोणी नाकारणार नाहीं. आणि घरीं जो दिवा लागला नाहीं, तो दर्यावर कसा पेटेल? या ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक घरानें सायंकाळची प्रार्थना पुन्हां सुरू करावी, आणि तींत मुलांस पाळीपाळीनें पुढाकार द्यावा, हीच आमची सर्वांस नम्र विनंति आहे. सागराची तारका जी पवित्र मरिया, ती जमिनीवरील व जळावरील आपल्या सर्व लेंकरांचा सांभाळ करो.